बोनेट कोणी उघडायचं? मोटारीच्या देखभालीचा इतिहास आणि माझा फसलेला पहिला आराखडा

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएचडीच्या प्रवेशासाठी संशोधन आराखडा लिहीत असतील. "विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही," ही तक्रार मला सारखी ऐकू येते. त्यावर उपदेश करण्यापेक्षा माझ्याच पहिल्या आराखड्यातलं एक वाक्य तुम्हाला दाखवते. ते वाक्य चुकीचं होतं. ते का चुकीचं होतं हे कळायला मला जवळपास एक वर्ष लागलं, आणि माझा खरा प्रश्न त्या वर्षातच सापडला.

माझा विषय आहे भारतातल्या खासगी मोटारींच्या रोजच्या देखभालीचा इतिहास. गाडी कोणी बनवली, किती विकल्या गेल्या, यावर बरंच लिहिलं गेलंय. पण विकलेली गाडी पुढची वीस वर्षं चालती कोणी ठेवली, ती बिघडली की नेमकं काय बिघडलंय हे कोणी आणि कसं ओळखलं, यावर फार थोडं आहे. आराखड्यातलं ते वाक्य असं होतं:

"१९८०पूर्वी भारतातील मोटारमालक आपल्या गाडीची देखभाल स्वतः करीत; इलेक्ट्रॉनिक इंजिने आल्यावर हे कौशल्य लोप पावले."

वाचायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. घरातल्या मोठ्यांकडून आपण हेच ऐकलेलं असतं. मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: "कोणाचे हात?"

तेव्हा मला जरा रागच आला. आता वाटतं, त्या दोन शब्दांवर माझा प्रबंध उभा आहे.

तेव्हाची गाडी मालकाकडून काय मागायची

आधी यंत्र समजून घेऊ. यंत्राच्या इतिहासात यंत्र वगळून पुढे जाता येत नाही, ही गोष्ट सामाजिक शास्त्रांतून येणाऱ्यांनी मनावर घ्यावी. मी स्वतः तिथूनच आले आहे.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. तिचा मोटारींचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. फियाटच्या परवान्याखाली तिथे आधी छोट्या फियाट बनल्या, मग ११०० मालिकेतल्या. त्याच गाडीचं नाव पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवर चालणारं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तेव्हा हीच होती. लोक मात्र शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हणत राहिले.

या इंजिनात ठिणगी कशी पडायची? डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन छोटे धातूचे संपर्कबिंदू असायचे. गॅरेजच्या भाषेत 'पॉइंट'. ते मिटलेले असताना कॉइलमधून वीज वाहायची आणि उघडले की कॉइलमध्ये प्रचंड दाबाची वीज तयार होऊन प्लगपर्यंत जायची. पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट लागायची. फट कमी असली तर पॉइंट जळायचे, जास्त असली तर वेगात ठिणगी कमकुवत पडायची. आणि ही फट आपोआप बदलायची, कारण पॉइंट झिजायचे. म्हणून काही हजार किलोमीटर झाले की ते पॉलिश पेपरने घासायचे आणि फिलर गेजने फट मोजायची. गेज हाताशी नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घालूनही काम भागवलं जायचं.

प्लग काढून बघणं हे तर निदानाचं पहिलं साधन. टोकाचा रंग फिका तपकिरी असला की सगळं ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त येतंय. ओलसर, तेलकट काळं दिसलं तर ऑइल ज्वलनकक्षात शिरतंय. पांढरट, भाजल्यासारखं दिसलं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय. एवढ्याशा तुकड्यावर इंजिनाच्या पोटातली हकीकत वाचता यायची.

गाडी 'मिसिंग' करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नसेल, तर इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघायची पद्धत होती. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर चांगला. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. (आजच्या गाडीवर हा प्रयोग करू नका. विजेचा जबर झटका बसू शकतो आणि इलेक्ट्रॉनिक्सही जळू शकतं.) ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे मला तिची गरज पडणार आहे.

याशिवाय रोज रेडिएटरचं पाणी, ऑइलची पट्टी, बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर, ठरावीक दिवसांनी ग्रीसिंग. उन्हाळ्यात बोरघाट चढताना पेट्रोल पाइपातच उकळून त्याची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं. पुण्या-मुंबईच्या प्रवासात पाण्याचा कॅन आणि एक जुनं फडकं गाडीत असायचंच.

टंचाईने शिकवलेली विद्या

आता पहिला धक्का. हे सगळं लोकांना येत होतं, कारण त्यांना ते यावंच लागत होतं.

१९२०च्या दशकात फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या भारतात सुटे भाग आणून गाड्या जुळवत होत्या. जनरल मोटर्सचा कारखाना तर मुंबईत शिवडीला होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांचा इथे टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी काम बंद करावं. त्या कंपन्या गेल्या. आयात जवळपास थांबली. पुढची तीस वर्षं सामान्य खरेदीदारापुढे मुख्यतः तीनच नावं होती: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या हे परवान्याने ठरायचं आणि नव्या गाडीसाठी कित्येक वर्षं नंबर लावून थांबावं लागायचं. १९६९ पासून काही वर्षं किमतींवरही सरकारी नियंत्रण होतं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दर्जाच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की १९६७ मध्ये सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली.

अशा बाजारात गाडी बदलणं हा पर्यायच नव्हता. जी दारात आहे तीच चालवायची. सुटा भाग मिळेलच याची खात्री नाही, मिळाला तर अस्सल असेलच याची नाही. मग मालक बोनेट उघडणार नाही तर काय करेल?

म्हणजे माझ्या आराखड्यात मी ज्याला 'कौशल्य' म्हणून मिरवत होते, ती बरीचशी सक्ती होती. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ग्राहकांच्या हातात पडली आणि पुढच्या काही वर्षांत अनेक मालकांनी बोनेट उघडणं सोडलं, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी हळहळलं असेल असं मला तरी कुठे आढळलं नाही. सुटकेचा श्वास मात्र बऱ्याच आठवणींतून ऐकू येतो. तुमच्या विषयातही असा एखादा 'लोप पावलेला' सोनेरी काळ असेल, तर ज्यांनी तो काळ जगला त्यांना तो परत हवा होता का, एवढं विचारून बघा.

वहीतलं 'केले' आणि 'करून घेतले'

दुसरा धक्का घरातच बसला.

माझ्या आजोबांकडे पुण्यात सेकंडहँड फियाट होती. तिची त्यांनी वही ठेवली होती: तारीख, किलोमीटर, पेट्रोल आणि काय काम झालं ते. मला वाटलं, लॉटरी लागली! मालकाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं साधन. नोंदी अशा होत्या: "पॉइंट साफ केले. प्लग ३ काळा, बदलला." "टायमिंग बघितले." आणि मधूनच, "कार्ब्युरेटर करून घेतला."

आता जरा मराठी व्याकरणाकडे बघा. "पॉइंट साफ केले." कोणी केले? मराठीत इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. 'पॉइंट' अनेकवचनी, म्हणून 'केले'. कर्ता गाळला तरी वाक्य पूर्ण होतं, आणि कर्ता एक होता की दोन, पुरुष होता की बाई, याचा क्रियापदावरून काहीही पत्ता लागत नाही. मी सरळ "मी केले" असं वाचत गेले, कारण वही आजोबांची होती. जिथे "करून घेतला" होतं, तेवढ्याच नोंदी मिस्त्रीच्या खात्यात टाकल्या.

मग कपाटात त्याच वर्षांची घरखर्चाची वही सापडली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. गाडीच्या वहीत ज्या दिवशी "पॉइंट साफ केले" होतं, त्यातल्या बऱ्याच दिवशी घरखर्चाच्या वहीत दूध आणि भाजीच्या मध्ये एक ओळ होती: "मिस्त्री, ५ रु."

कोणाचे हात? आजोबांना ज्ञान नव्हतं असं नाही. प्लगचा रंग ते ओळखत होते, तिसरा सिलिंडर नीट चालत नाही हे त्यांना कळत होतं. पण पाना बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात होता. आणि त्या माणसाचं नाव दोन्ही वह्यांत एकदाही नाही. आजीलाही आठवलं नाही. "स्टेशनजवळचा मिस्त्री" एवढंच ती म्हणाली. गाडीबरोबर येणारी माहितीपुस्तिका इंग्रजीत, वही मालकाच्या हातची, आणि खरं काम करणारा माणूस दोन्हीत नाही. त्याने शिकलेलं वस्तादाच्या हाताखाली, ऐकून, बघून, बोटं भाजून. त्याच्या ज्ञानाचा कागद तयारच झाला नाही.

याच आजीला मी आधी विचारलं होतं, "गाडीचं काम कोण करायचं?" तिने लगेच सांगितलं, "हेच करायचे." काही महिन्यांनी मी प्रश्न बदलला: "सकाळी गाडी निघायच्या आधी काय काय व्हायचं?" तेव्हा ती म्हणाली, "पाणी मीच घालायचे की रेडिएटरमध्ये. ह्यांना उशीर व्हायचा. आणि खाली तेल गळलंय का तेही बघायचे, फरशी मलाच धुवायला लागायची ना!"

थांबून विचार करा. गळती ओळखणं हे निदान आहे. रोजच्या रोज फरशीवरचा डाग बघून ऑइल की पाणी हे सांगणारी बाई त्या गाडीची पहिली परीक्षक होती. पण तिच्या लेखी ते 'गाडीचं काम' नव्हतं, घरकाम होतं. माझा पहिला प्रश्न तिला तिचं काम सांगूच देत नव्हता.

एक साधन अजून आहे: शब्द. ज्याला कागद नाही त्याची भाषा असते. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. तिथे १९०४ मध्ये सुट्या चाकाची एक रचना निघाली आणि त्या रस्त्याचं नाव तिला मिळालं. तिचा मूळ धंदा केव्हाच संपला, पण शब्द आपल्या गॅरेजांत अजून जिवंत आहे. पुस्तिकेतून न शिकलेल्या लोकांनी शंभर वर्षं तो तोंडी सांभाळलाय.

हा प्रश्न फक्त आपला नाही

वाचन वाढवलं तेव्हा कळलं की 'मालक की मेकॅनिक' हा तंटा मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकन इतिहासकार केव्हिन बोर्ग यांचं मोटार मेकॅनिकांवरचं पुस्तक २००७ मध्ये आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत मालक आणि त्यांचे शोफर यांच्यात काय बिनसलं होतं, ते त्यात वाचायला मिळतं. नोकर मालकापेक्षा जास्त जाणतो, त्यामुळे तो सांगेल तो बिघाड आणि तो सांगेल तो खर्च, ही मालकांची खरी अस्वस्थता होती. बिघाड ओळखण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्या हातात सत्ता.

जर्मनीबद्दल स्टेफान क्रेब्स यांनी इंजिनाचा आवाज ऐकण्याच्या सवयीवर लिहिलंय. सुरुवातीच्या चालकांना सांगितलं जायचं की इंजिनाकडे कान द्या, आवाजावरून बिघाड ओळखा. पुढे मेकॅनिकांचा व्यवसाय संघटित आणि प्रमाणित होत गेला, तसं हे 'निदानाचं ऐकणं' त्यांच्या अखत्यारीत गेलं आणि चालकाला हवी झाली ती शांत गाडी. कान तेच होते. त्यांच्यावर विश्वास कोणी ठेवायचा, हे मात्र बदललं.

हे वाचल्यावर माझ्या आराखड्यातलं 'इलेक्ट्रॉनिक इंजिने आल्यावर' हे शब्द संशयास्पद वाटायला लागले. मालकाचा हक्क इलेक्ट्रॉनिक्सने काढून घेतला, की तो आधीपासूनच वाटाघाटीत होता? ते तपासायला मला त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जन्मापर्यंत जावं लागलं. तो जन्म गॅरेजमध्ये झालेला नाही. तो झाला धुरात.

लॉस एंजेलिसचा धूर आणि डॅशबोर्डवरचा दिवा

१९४०च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारा तपकिरी धूर साचायला लागला. कॅलटेक संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे त्याआधी अननसाच्या स्वादावर काम करत होते. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की हा धूर गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन बनतो. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं आणि गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातल्या. त्या पाळायच्या तर कार्ब्युरेटर आणि पॉइंट पुरे पडेनात. म्हणून सेन्सर आले, इंजिनाचा कॉम्प्युटर आला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला.

मग नियमन करणाऱ्यांना पुढची अडचण दिसली. नवी गाडी स्वच्छ असते, पण पाच वर्षांनी सेन्सर मेला तर कोणाला कळणार? गाडी तर चालतच राहते. म्हणून गाडीनेच स्वतःची तपासणी करावी आणि दिवा लावून सांगावं, अशी सक्ती आधी कॅलिफोर्नियात झाली. १९९६च्या मॉडेलपासून संपूर्ण अमेरिकेत सगळ्या गाड्यांना एकच सोळा पिनांचं सॉकेट आणि एकसारखे कोड आले. तोच ओबीडी-२. शिवाय १९९०च्या दुरुस्त कायद्याने कंपन्यांवर बंधन घातलं की धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांनाही द्यायची.

इथे मी अडखळले. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा मालकासाठी बनलाच नव्हता. तो हवेसाठी बनला होता. पण सॉकेट सगळ्यांसाठी सारखं ठेवल्यामुळे पुढे स्वस्त कोड रीडर निघाले, मग ब्लूटूथचे छोटे डोंगल, आणि आज मोबाइलवर गाडीचा कोड वाचता येतो. म्हणजे ज्या इलेक्ट्रॉनिक्सने मालकाचं कौशल्य 'नष्ट' केलं असं मी लिहिलं होतं, त्याच्याच एका नियमाने मालकासाठी एक खिडकी उघडून ठेवली. तीसुद्धा जवळजवळ नकळत.

आपल्याकडे

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आलं. २००० च्या आसपास कार्ब्युरेटर मागे पडले. भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला.

पण सॉकेट असणं वेगळं आणि त्यातून सगळं वाचता येणं वेगळं. इंजिनाचे सामान्य कोड कोणीही वाचू शकतो. एअरबॅग, ब्रेक, चावीचं प्रोग्रामिंग यांसाठी मात्र बऱ्याचदा कंपनीचं स्वतःचं उपकरण लागतं. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की सुटे भाग आणि निदानाची उपकरणं खुल्या बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे मालक कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला बांधला जातो. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा असं सांगितलं. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की तो आदेश सार्वजनिक आहे आणि त्यात कंपन्यांनी स्वतःची बाजू विस्ताराने मांडलेली आहे. 'अप्रशिक्षित मेकॅनिकच्या हातात उपकरण दिलं तर सुरक्षितता धोक्यात येईल' हा युक्तिवाद वाचताना मला शंभर वर्षांपूर्वीचे शोफरवर चिडलेले मालकच आठवले. भूमिका उलटल्या होत्या, भीती तीच होती. न्यायालयीन कागद हे इतिहासाचं किती श्रीमंत साधन आहे ते इथे कळतं. एरवी गप्प बसणारी माणसं तिथे बोलतात.

पी-०३०३: माझी स्वतःची परीक्षा

एवढं सगळं वाचत असताना आमच्या घरच्या गाडीचा दिवा लागला. गाडी हादरत होती. मी मोठ्या रुबाबात डोंगल लावलं. कोड आला पी-०३०३. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग, पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड, त्यापुढचा ३ म्हणजे ठिणगी किंवा मिसफायरचा गट आणि शेवटचा ३ म्हणजे तिसरा सिलिंडर. आजोबांच्या वहीतलं "प्लग ३ काळा" आठवलं आणि अंगावर काटा आला.

मी प्लग बदलले. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला.

चूक काय झाली? कोड सांगतो की गाडीला काय दिसलं. कशामुळे दिसलं, हे तो सांगत नाही. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, कम्प्रेशनही असेल. मी लक्षणालाच कारण समजले. आराखड्यातही हेच केलं होतं: मालक बोनेट उघडत नाहीत हे दिसलं आणि मी थेट इलेक्ट्रॉनिक्सला दोषी ठरवून मोकळी झाले.

एका सर्व्हिस सेंटरने चारही कॉइल बदलायला सांगितल्या. त्यांना सरसकट लबाड म्हणणार नाही. शोधण्याच्या वेळेपेक्षा भाग बदलणं त्यांना परवडतं. पण शेवटी कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या काकांनी दाखवलं ते असं: इंजिन बंद, पूर्ण थंड. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावला नाही. कोड पुसला आणि म्हणाले, "फिरवून आणा." परत आले तेव्हा कोड होता पी-०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता. एक कॉइल बदलली, प्रश्न मिटला.

(एक सूचना: दिवा नुसता लागला असेल तर लवकर तपासा. पण तो लुकलुकत असेल तर गाडी जास्त पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं, आणि तो महाग भाग आहे. आणि कोड पुसण्याआधी तो लिहून ठेवा. पुसलेला कोड म्हणजे फाडलेला कागद.)

काकांनी जे केलं ते आणि फियाटच्या प्लगची एकेक वायर काढून आवाज ऐकणं, यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय हलतं ते बघा. कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेले, आवाजाच्या जागी आकडा आला. पण तर्क टिकला, आणि तो ज्यांच्याकडे टिकला त्यांची नावं आजही कुठल्या वहीत नाहीत. मी काकांना विचारलं, हे कुठे शिकलात? "वस्तादाकडे. तेव्हा फियाट होत्या."

तुमच्या आराखड्यासाठी

माझं आताचं वाक्य असं आहे: "भारतातील मोटारींच्या बिघाडाचे निदान करण्याचे ज्ञान मालक, मेकॅनिक, घरातील इतर व्यक्ती आणि उत्पादक यांच्यात कसे वाटले गेले, आणि टंचाई, पर्यावरणविषयक नियम व कायदा यांनी ती वाटणी कशी बदलली?" पहिल्याइतकं झोकदार नाही. पण पहिल्या वाक्याला उत्तर आधीच ठरलेलं होतं, याला ते शोधावं लागतंय.

तुमच्या आराखड्यातही 'लोप पावले', 'ऱ्हास झाला', 'पूर्वी सर्व जण' असे शब्द असतील, तर त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. मग बघा: हे काम करणं लोकांना आवडत होतं की भाग पडत होतं? 'केले' या क्रियापदामागचा कर्ता कोण, आणि ते तपासायला दुसरी कोणती वही शेजारी ठेवता येईल? तुम्ही सांगताय ते लक्षण आहे की कारण, आणि कारण असेल तर एकच गोष्ट बदलून ते कुठे तपासता येतं? दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या यंत्रावर?

आणि तुमच्या घरात जुन्या गाडीची, स्कूटरची, शिलाई मशीनची, पाण्याच्या पंपाची अशी वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. बरोबर घरखर्चाची वहीही शोधा. ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हस्ताक्षरात असेल.

आमच्या घरखर्चाच्या वहीतलं हस्ताक्षर आजीचं होतं. मिस्त्रीला दिलेले पाच रुपये तिने लिहून ठेवले नसते, तर तो माणूस माझ्या प्रबंधात आलाच नसता.